वाचकांचे प्रश्न : ओल्डुवाई आणि सेरेंगेटी एकाच फेरीत

प्रश्न : आम्ही टांझानियात आठ दिवस आहोत. ज्या टूर कंपन्यांकडे चौकशी केली, त्या सगळ्यांच्या कार्यक्रमात ओल्डुवाई घळीला ‘वाटेत एक तास’ दिलाय. तेवढा पुरेल का? आणि तिथे खड्ड्यापलीकडे पाहण्यासारखं काय आहे?

ओल्डुवाई ही आदिमानवाचे अवशेष आणि दगडी हत्यारं सापडलेली घळ. एक तास म्हणजे स्वच्छतागृह, संग्रहालयातून एक चक्कर आणि कठड्यावरून फोटो. अडीच तास मागून घ्या. संग्रहालयाला पाऊण तास, कठड्यावर गाइड माहिती सांगतो त्याला वीस-पंचवीस मिनिटं आणि उरलेला वेळ घळीत उतरायला. उतरायचं तर तिथला गाइड बरोबर लागतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात. नेमका हाच भाग कंपन्या गाळतात, म्हणून ‘घळीत उतरणे’ हे शब्द लेखी कार्यक्रमात घालून घ्या.

कठड्यावर उभं राहिलं की समोर लाल मातीचा एकटा सुळका दिसतो. आधी तो नजरेत धरा. तो लाल थर खालून तिसरा. तळाशी काळा बेसाल्ट आहे, साधारण वीस लाख वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर पहिला थर. पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना १७ जुलै १९५९ रोजी ‘झिंज’ची, म्हणजे मानवाच्या एका प्राचीन नातलगाची, कवटी सापडली ती या पहिल्या थरात. त्यांचे पती लुई लीकी त्या दिवशी तापानं तंबूत पडून होते. कवटीचं वय साडेसतरा लाख वर्षं निघालं, तेही हाडावरून नव्हे तर भोवतालच्या ज्वालामुखीच्या राखेवरून. मूळ कवटी दार-ए-सलामच्या राष्ट्रीय संग्रहालयात असते. घळीत, ती सापडली त्या जागी, फक्त खुणेचा दगड आहे.

खाली उतरलात की पायाशी पांढरे, चकाकणारे दगडाचे तुकडे दिसतील. ते जवळच्याच नाइबोर सोइट टेकडीवरचं क्वार्टझाइट. आपोआप फुटलेला दगड आणि माणसानं फोडलेली कपची यांतला फरक गाइडला दाखवायला सांगा. घाव बसला तिथे एक छोटी सपाट जागा असते, तिच्या लगेच खाली बोटाला जाणवणारा फुगवटा आणि उलट्या बाजूला आधीच्या कपच्या निघाल्याचे खळगे. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर तो तुकडा कुणीतरी मुद्दाम काढलाय असं समजायला हरकत नाही. गाइडनं दिला तरच हातात घ्या आणि होता तिथेच ठेवा. खिशात घालणं हा टांझानियाच्या १९६४ च्या पुरातत्त्व कायद्याखाली गुन्हा आहे.

वेळ उरला तर घळीच्या उत्तरेला सरकती काळी टेकडी पाहून घ्या. ही राखेची चंद्रकोर वाऱ्याबरोबर वर्षाला साधारण १७ मीटर पुढे जाते. मूठभर राख वर उडवली तर कण विखरत नाहीत, एकमेकांना चिकटून खाली येतात, कारण त्यांत चुंबकीय लोह आहे. मात्र कॅमेऱ्याची लेन्स तिथे अजिबात बदलू नका.

प्रश्न : परवान्यांचा हिशेब कळत नाही. गोरोंगोरोचे पैसे दोनदा का घेतात? विवर आधी पाहावं की नंतर?

अरुशाहून सेरेंगेटीला जाणारा नेहमीचा रस्ता गोरोंगोरो संरक्षित क्षेत्रातूनच जातो. परवाना २४ तासांचा आणि एकदाच आत शिरण्यापुरता. त्यामुळे जाताना एक आणि येताना एक, असे दोन लागतात. यातून सुटका नाही, पण दोन्ही परवाने वसूल करता येतात. ओल्डुवाईही याच क्षेत्रात येते, म्हणून जातानाच्या परवान्यात ओल्डुवाई आणि येतानाच्यात गोरोंगोरोचं विवर, अशी वाटणी करा.

असं बसवा. पहिल्या दिवशी अरुशाहून करातूला मुक्काम. दुसऱ्या दिवशी साडेसातला गोरोंगोरो क्षेत्राचं लोदोआरे गेट, दहाच्या सुमारास ओल्डुवाई, साडेबाराला डबा आणि दुपारी नाबी हिल गेटमधून सेरेंगेटीत. ऐन दुपारी सिंह सावलीत लोळत असतात, त्यामुळे या वेळात घळ पाहिली तर जनावरांचं फारसं काही चुकत नाही. सेरेंगेटीत तीन रात्री राहा. परतताना दुपारी दोनच्या सुमारास नाबी सोडलं की दोन-अडीच तासांत विवराच्या काठावर पोहोचता. रात्री तिथेच राहून सकाळी सहाला खाली उतरायचं आणि त्याच दिवशी दुपारी दोनच्या आत लोदोआरेबाहेर पडायचं. फसगत इथेच होते. विवरात गेंड्याची वाट पाहत बसलात, मग जेवणाला तासभर घालवलात, की २४ तास उलटतात आणि गेटवर आणखी एका दिवसाचे पैसे मागतात. त्यामुळे साडेबाराला वर यायला लागा.

विवरात उतरण्याची फी माणशी नसते, गाडीमागे असते : २५० डॉलर आणि त्यावर १८ टक्के व्हॅट. गाडीत दोघं असा वा सहा जण, आकडा तोच. अशा फ्या सरकारी वर्ष बदलतं तेव्हा, म्हणजे जुलैत, बदलू शकतात. जुलैनंतर जाणार असाल तर फरक कोण भरणार हे आधीच विचारून ठेवा. गेटवर रोख चालेल असं धरून निघू नका. कंपनी आधी ‘कंट्रोल नंबर’ (सरकारी फी भरण्याचा क्रमांक) काढून पैसे भरते. ती पावती ड्रायव्हरकडे आहे ना, हे करातूतून निघतानाच पाहा.

आणखी एक. सेरेंगेटीला विमानानं जाण्याचा पर्याय सुचवतात. सेरेंगेटीतल्या सेरोनेराच्या धावपट्टीवर उतरलात की ओल्डुवाई कायमची सुटते. एका बाजूनं विमान, दुसऱ्या बाजूनं गाडी हे चालेल. छोट्या विमानात सामान १५ किलोच नेऊ देतात आणि बॅग मऊ लागते.

प्रश्न : कोणता महिना? आम्हाला नदी ओलांडणारे विल्डबीस्टही पाहायचे आहेत.

दोन्ही एका सहलीत नीट बसत नाहीत. मारा नदी ओलांडणारे कळप जुलै ते ऑक्टोबरमध्ये सेरेंगेटीच्या उत्तर टोकाला असतात. ओल्डुवाई सेरेंगेटीच्या दक्षिण टोकाच्याही बाहेर आहे. मध्ये जवळजवळ पूर्ण दिवसाचा खडखडाटी रस्ता.

आमचं मत विचाराल तर फेब्रुवारी. जानेवारीअखेर ते मार्चपर्यंत कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानांत असतात आणि विल्डबीस्ट तिथेच वितात. ती मैदानं एन्डुटू आणि मासेक सरोवरांभोवती आहेत, आणि ओल्डुवाईची घळही तिथूनच सुरू होते. हा योगायोग नाही. पूर्वेकडच्या ज्वालामुखींची राख वाऱ्यानं या मैदानावर पसरली. तिचा खाली कडक थर बनला, त्यात झाडांची मुळं शिरत नाहीत, म्हणून गवत आखूड आणि झाडं विरळ. त्याच राखेमुळे गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर, आणि पाजणाऱ्या मादीला तेच हवं असतं. घळीत हाडं झाकली गेली तीही अशाच राखेखाली. सकाळी पिल्लं आणि दुपारी घळ पाहिलीत तर हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एन्डुटूतली बहुतेक मुक्कामं गोरोंगोरो क्षेत्रात येतात, त्यामुळे तिथल्या प्रत्येक २४ तासांना परवाना लागतो. सेरेंगेटीची हद्द डोळ्यांना दिसत नाही, पण ती ओलांडली तर त्या उद्यानाची फी वेगळी. एप्रिल-मे टाळा. तेव्हाच्या पावसात इथली काळी माती चाकं धरून ठेवते.

प्रश्न : लायटोलीच्या पाऊलखुणा प्रत्यक्ष पाहता येतात का?

नाही. १९७८ मध्ये ओल्डुवाईजवळच्या लायटोलीत सापडलेल्या, मानवाच्या पूर्वजांच्या, ३६ लाख वर्षांहून जुन्या त्या खुणा १९९० च्या दशकात मुद्दाम पुन्हा मातीखाली झाकल्या, कारण झाडांची मुळं त्यांना फोडू लागली होती. ओल्डुवाईच्या संग्रहालयात त्यांचा साचा आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. टाच खोल रुतलेली दिसते, अंगठा बाकीच्या बोटांच्या ओळीत आहे, वानरासारखा बाजूला फाकलेला नाही. ‘लायटोली दर्शन’ म्हणून कुणी जादा दिवस विकत असेल तर तिथे नेमकं काय दिसणार, हे लेखी विचारा.

प्रश्न : बरोबर सहा वर्षांची मुलगी आणि सत्तरीचे सासरे. मलेरियाच्या गोळ्या आणि खडबडीत रस्ते टाळायचे आहेत.

मग दक्षिण आफ्रिका. जोहान्सबर्गपासून साधारण ५० किलोमीटरवर स्टर्कफाँटेनच्या गुंफा आणि मारोपेंगचं संग्रहालय. तिथून पुढे पिलानेसबर्ग अभयारण्य, जिथे मलेरिया नाही आणि स्वतःची साधी गाडीही चालते. १९४७ मध्ये ‘मिसेस प्लेस’ची, म्हणजे मानवाच्या एका प्राचीन नातलगाची, कवटी स्टर्कफाँटेनलाच सापडली. २०२२ च्या अखेरच्या पुरानंतर बंद झालेल्या गुंफा एप्रिल २०२५ मध्ये उघडल्या, तरी निघण्याआधी चौकशी करा. आत पायऱ्या बऱ्याच आणि काही ठिकाणी वाकून जावं लागतं. गुडघे दुखत असतील तर सासऱ्यांना मारोपेंगमध्येच थांबवा, तिथे त्यांचा वेळ छान जाईल.

प्रश्न : परतताना नैरोबीत एक दिवस मोकळा आहे.

राष्ट्रीय संग्रहालयात जा. १९८४ मध्ये कामोया किमेऊ यांना ज्याचा पहिला तुकडा दिसला, तो ‘तुर्काना बॉय’ नावाचा आदिमानव मुलगा तिथे आहे. सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या त्या मुलाचा जवळजवळ सगळा सांगाडा मिळालाय. पूर्ण दिवस असेल तर मागाडी रस्त्यावरचं ओलोरगेसाइली हे अश्मयुगीन ठिकाण : जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आत. लाकडी पुलावरून चालताना खाली शेकडो दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या तशाच पडलेल्या दिसतात. सकाळी सातला शहर सोडा. अकरानंतर तिथलं ऊन सोसत नाही. पाणी माणशी तीन लिटर बरोबर ठेवा.