उबुंटूवर यूएसबी स्मार्टकार्ड रीडर 'एलएसयूएसबी' (जोडलेली यूएसबी उपकरणं दाखवणारी कमांड) मध्ये दिसतो, पण माझ्या सी प्रोग्रॅमला सापडत नाही. काय काय इन्स्टॉल करावं लागेल?

पीसीएससीडी, लिबसीसीआयडी आणि लिबपीसीएसलाइट-डेव्ह ही तीन पॅकेजेस टाका. सोबत पीसीएससी-टूल्स घेतलंत तर तपासणी सोपी होते. 'एलएसयूएसबी'त रीडर दिसला म्हणजे कर्नलला तो कळला, एवढंच. रीडरशी प्रत्यक्ष बोलणारा ड्रायव्हर कर्नलबाहेर असतो आणि पीसीएससीडी ही पार्श्वभूमीला चालणारी सेवा तो वापरते. तुमचा प्रोग्रॅम बोलतो तो या सेवेशी, थेट रीडरशी नाही.

कोड लिहिण्याआधी टर्मिनलवर पीसीएससी-टूल्समधलं 'पीसीएससी_स्कॅन' चालवा. कार्ड घातल्यावर एटीआरचे (कार्ड सुरू होताना पाठवतं त्या पहिल्या उत्तराचे) बाइट्स दिसले की हार्डवेअरची बाजू झाली. तरीही रीडर मिळत नसेल तर बहुतेक वेळा यांपैकी काहीतरी असतं:

- जीएनयूपीजी या एन्क्रिप्शन साधनाचा एससीडीमन (स्मार्टकार्ड सांभाळणारा पार्श्वभूमी प्रोग्रॅम) रीडर अडवून बसतो. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये 'डिसेबल-सीसीआयडी' लिहा.
- एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करून) काम करत असाल तर पोलकिट, म्हणजे लिनक्सवर परवानग्या ठरवणारी सेवा, परवानगी नाकारू शकतो. रूट म्हणून चालवून खात्री करा, पण कायम तसंच ठेवू नका.

प्रोग्रॅममधून वापरायची पीसीएससीची एपीआय विंडोजसारखीच असली तरी कोड जसाच्या तसा चालेल असं धरू नका: ६४-बिट लिनक्सवर पीसीएससी-लाइटचा (पीसीएससीडी ज्याचा भाग आहे त्या सॉफ्टवेअरचा) 'डीवर्ड' हा पूर्णांक प्रकार ८ बाइटचा असतो, विंडोजवर ४ बाइटचा. त्या जागी 'इंट' वापरलात तर चूक शोधता शोधता संध्याकाळ होईल. मॅकवर वरची पॅकेजेस लागत नाहीत, पीसीएससी फ्रेमवर्क तिथे आधीपासूनच असतं.