प्लास्टिक सर्जन व्हायचे आहे, मग कॉलेज कोणते घ्यावे?

वैद्यकीय प्रवेशाचे पसंतीक्रम भरण्याचे दिवस आले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो: मुलीला किंवा मुलाला प्लास्टिक सर्जन व्हायचे आहे, तर त्यासाठी नेमके कोणते कॉलेज घ्यावे? दोन-तीन नावे मिळतील या अपेक्षेने बरेच जण वही उघडूनच बसलेले असतात. मी नावे देत नाही. का देत नाही, हे सानिकाच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. तिचे नाव आणि ओळख पटवणारे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

सानिकाला नीटमध्ये शासकीय महाविद्यालयात सहज प्रवेश मिळेल इतके गुण होते. तिने स्वतः एक तक्ता तयार केला होता आणि त्यात, ज्या महाविद्यालयांत प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग आणि एमसीएचच्या, म्हणजे त्या विषयातल्या सर्वोच्च शस्त्रक्रिया-पदवीच्या, जागा आहेत, तेवढीच नावे ठेवून बाकीची सगळी खोडून टाकली होती. उरलेल्यांपैकी एकही तिच्या गुणांत मिळण्यासारखे नव्हते, म्हणून ती वर्षभर थांबून पुन्हा नीट देणार होती. हातातली जागा सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे, असे तिच्या आईचे म्हणणे होते. वडील फारसे बोलत नव्हते, पण मुलीचा तक्ता त्यांनी व्यवस्थित घडी घालून सोबत आणला होता, हे मी लक्षात ठेवले.

मुलांना ‘काय व्हायचे आहे’ असे विचारण्यापेक्षा ‘हे कधीपासून वाटते आणि कुणामुळे’ असे विचारणे मला नेहमीच अधिक फलदायी वाटत आले आहे. माणूस स्वतःविषयी स्वतःला जी गोष्ट सांगत असतो, तिचाच पुढचा भाग म्हणजे त्याचे करिअर, अशी माझी धारणा आहे. अभिक्षमता चाचण्यांच्या आलेखांवर विसंबणाऱ्या माझ्या काही सहकाऱ्यांना ती पटत नाही, याची मला कल्पना आहे. सानिकाचे उत्तर मात्र कोणत्याही आलेखात सापडले नसते. तिचा धाकटा भाऊ दुभंगलेले ओठ आणि टाळू घेऊन जन्माला आला होता. ओठाची शस्त्रक्रिया तो काही महिन्यांचा असताना झाली, टाळूची त्यानंतर, आणि पक्के दात येण्याच्या वयात हिरडीच्या फटीत हाड बसवण्याची आणखी एक. या सगळ्या शस्त्रक्रिया करणाऱ्या एकाच सर्जनच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर सानिकाचे निम्मे बालपण गेले होते.

मी विचारले, “त्या डॉक्टरांनी एमबीबीएस कोठून केले?”

ती गडबडली. “ते मला माहीत नाही, मॅडम.”

“इतकी वर्षे तू त्यांना पाहते आहेस, त्यांच्यासारखे व्हायचे म्हणतेस, मग हे कधी विचारले नाहीस?”

“तसे विचारायचे कधी सुचलेच नाही.”

पुढच्या भेटीपूर्वी एवढे एकच विचारून ये, असे मी तिला सांगितले.

दरम्यान आम्ही पुढच्या पायऱ्या कागदावर मांडल्या, कारण आकडे समोर आले की निम्मी भीती आपोआप ओसरते. एमबीबीएसची साडेचार वर्षे आणि सक्तीच्या इंटर्नशिपचे एक वर्ष. मग नीट पीजी देऊन जनरल सर्जरीत एमएस किंवा तिच्या बरोबरीची डीएनबी पदवी, ती तीन वर्षे. त्यानंतर नीट एसएस देऊन प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा तिच्या बरोबरीची डीआरएनबी, ती आणखी तीन. एकूण साडेअकरा वर्षे, आणि त्यात मधल्या परीक्षांच्या तयारीसाठी जाणारा काळ धरलेला नाही. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा डीआरएनबी अभ्यासक्रमही असतो. एम्स, चंडीगडची पीजीआय आणि पुदुच्चेरीची जिपमेर यांसारख्या संस्थांत एमबीबीएसनंतरच्या या टप्प्यांसाठी प्रवेशपरीक्षा वेगळ्या असतात. या सर्व टप्प्यांवर निवड होते ती त्या त्या परीक्षेतील क्रमांकावर, आणि एमबीबीएस अमुक महाविद्यालयातून केले म्हणून त्या परीक्षेत एकही गुण वाढवून मिळत नाही.

शिवाय एमबीबीएसच्या काळात प्लास्टिक सर्जरी फार थोडी वाट्याला येते. भाजलेल्या रुग्णांचे उपचार, त्वचारोपण, जखमा भरून येण्याची प्रक्रिया हे सारे शल्यचिकित्सा या विषयाच्याच पोटात शिकवले जाते. ज्या विभागासाठी सानिका एक वर्ष पणाला लावणार होती, त्या विभागाचे दार तिला विद्यार्थिनी म्हणून क्वचितच उघडले असते. या टप्प्यावर उपयोगी पडतात त्या गोष्टी निराळ्या आहेत: रुग्णालयात रुग्णांची खरोखर गर्दी असते का, अपघात विभाग रात्री कसा चालतो, भाजलेले रुग्ण तेथे दाखल होतात की दुसरीकडे पाठवले जातात, इंटर्नना वरिष्ठांच्या देखरेखीखाली टाके घालायला आणि ड्रेसिंग करायला मिळते की त्यांचा दिवस कागदपत्रे आणि रक्ताचे नमुने पोचवण्यात जातो, जनरल सर्जरीच्या पदव्युत्तर जागा तेथे आहेत का, आणि वसतिगृहात शांतपणे अभ्यास होतो का. माहितीपुस्तिकेत यांतले फारच थोडे सापडते. त्यासाठी तेथे शिकत असलेल्या इंटर्नलाच गाठावे लागते. संस्थेला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता आहे ना, हे मात्र सर्वांत आधी तपासावे.

पुढच्या भेटीला सानिका आली ती काहीशी रागावलेली. सर्जन ज्या महाविद्यालयात शिकले, तेथे प्लास्टिक सर्जरीचा विभागच नव्हता. इतकेच नव्हे, तर त्यांना मुळात अस्थिरोगतज्ज्ञ व्हायचे होते, आणि सर्जरीच्या रेसिडेन्सीत, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणात, भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काम करताना त्यांचा विचार बदलला होता.

“म्हणजे त्यांनी ऐन वेळी ठरवले,” ती म्हणाली.

“ऐन वेळी ठरवले, की काम प्रत्यक्ष पाहून ठरवले?”

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने शब्द पुरवले की समोरच्याचे शब्द कायमचे हरवतात, हे मी अनुभवाने शिकले आहे. अखेर ती म्हणाली, “मॅडम, मी आत्ताच घट्ट धरून ठेवले नाही, तर पुढे माझे मन बदलेल अशी मला भीती वाटते.”

“बदलले, तर नुकसान कुणाचे होईल?”

“माझेच.” मग थोडे थांबून, “म्हणजे, आत्ताच्या माझे.”

या उत्तराने सारा गुंता सुटला, असे मला आजही वाटते. भावाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मनोमन एक शब्द दिला होता आणि तो आपल्या हातून मोडेल या धास्तीने ती त्याला राखणदार शोधत होती. महाविद्यालयाचे नाव तिला त्या राखणदारीसाठी हवे होते. अशा मुलांशी महाविद्यालयांच्या गुणवत्तेवर कितीही वाद घाला, ती हटत नाहीत, कारण त्यांचा प्रश्न महाविद्यालयाचा नसतोच. शब्द पाळण्याचे मार्ग अनेक असतात आणि ते चालता चालता दिसतात, हे तिला पटायला हवे होते.

अशा वेळी मी जोसेफ मरे यांच्याविषयी सांगते. अमेरिकेतले हे प्लास्टिक सर्जन दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांवर उपचार करत होते. एकाची त्वचा दुसऱ्याच्या शरीरावर का टिकत नाही, या कोड्याने त्यांना पछाडले, आणि त्यातून पुढे 1954 मध्ये त्यांनी जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. 1990 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते या कामासाठी. प्लास्टिक सर्जरी त्यांनी सोडली नव्हती, पण तिने त्यांना कोठे नेले हे पसंतीक्रम भरण्याच्या वयात कुणालाच सांगता आले नसते. सानिकाने हे ऐकून विचारले, “मग मला समजा जनरल सर्जरीच आवडली तर?” हा प्रश्न तिने स्वतः विचारला, याचे मला समाधान वाटले. मी म्हणाले, “तर तू सर्जन असशील. ते तुला चालेल का?” तिने विचार करून होकार दिला, आणि तक्त्यातून खोडलेली नावे परत लिहायला घेतली.

अमेरिकेत वाढणाऱ्या मुलांचे पालक हाच प्रश्न ‘मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, कोणता घ्यावा’ अशा रूपात विचारतात. तेथे चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचे वैद्यकीय शिक्षण आणि त्यापुढे सहा वर्षांची सलग प्लास्टिक सर्जरी रेसिडेन्सी, किंवा जनरल सर्जरीसारखी रेसिडेन्सी पूर्ण करून आणखी तीन वर्षे, असा क्रम असतो. पदवीचा विषय कोणताही चालतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र असे आवश्यक अभ्यासक्रम पूर्ण करून गुण टिकवले की पुरे. तेथेही पहिल्या पायरीवर शेवटच्या पायरीची पाटी शोधण्यात अर्थ नाही. दंतवैद्यक, होमिओपॅथी किंवा सौंदर्योपचारांचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम करून आपल्याकडे प्लास्टिक सर्जन होता येत नाही, हेही सांगून ठेवते, कारण तशी आश्वासने देणारे भेटतात.

शेवटच्या भेटीत वडील पहिल्यांदा मोकळेपणाने बोलले. “ती तिशीला येईपर्यंत शिकतच राहणार, तोवर आम्ही पुरे पडू का?” ही चिंता त्यांनी आधी बोलून दाखवली असती, तर कदाचित मुलीचा तक्ता इतका कडक झाला नसता. साडेअकरा वर्षांचा भार एकदम उचलायचा नसतो, हे मी त्यांना समजावले: पहिली साडेपाच वर्षे कुटुंबाची, त्यातही इंटर्नशिपला विद्यावेतन असते, आणि एमएसपासून रेसिडेंटला दरमहा वेतन मिळू लागते. शिक्षणानंतर सक्तीच्या सरकारी सेवेचे बंधपत्र किती वर्षांचे आहे आणि ते मोडल्यास दंड किती, हे राज्याराज्यांत वेगळे असते, म्हणून त्या वर्षीची नियमावली प्रवेशाआधी वाचावी, असेही सुचवले. त्यांनी ती वाचली, खुणा केल्या आणि पसंतीक्रम भरताना दोन महाविद्यालये त्यामुळेच खाली सरकवली. सानिकाला चौथ्या क्रमांकाचे महाविद्यालय मिळाले, आणि तेथील अपघात विभाग रात्री कसा चालतो, हे तिने प्रवेशाआधीच एका इंटर्नकडून विचारून घेतले होते.