इरॅशनल भीतीला ‘अतार्किक’ का म्हणवत नाही?

प्रश्न असा आलाय की ‘मला झुरळाची इरॅशनल भीती वाटते’ हे मराठीत कसं म्हणायचं, डिक्शनरीतलं ‘अतार्किक भीती’ कानाला खटकतं. खटकतं ते बरोबरच आहे. अतार्किक हे मुद्द्याला, युक्तिवादाला लावायचं, जिथे एका वाक्यातून दुसरं निघत नाही तिथे.

माझी आत्या सदाशिव पेठेत चौथ्या मजल्यावर राहते, गुडघे दुखतात तरी लिफ्टमधे पाय ठेवत नाही, दर मजल्याला भाजीची पिशवी खाली ठेवते, कठडा धरून दम घेते आणि परत चढायला लागते. मी म्हटलं अगं आत्या, काही होत नाही लिफ्टला, तर म्हणाली, "कळतं रे, पण वळत नाही." मला तर ह्याच्याइतका नेमका प्रतिशब्द सापडलेला नाही, कारण इरॅशनल म्हणजे अडाणी नव्हे, डोकं शाबूत असतं फक्त मन त्याचं ऐकत नाही. बोलताना ‘उगीचच भीती वाटते’ म्हणा, लिहिताना ‘अकारण भीती’.

निर्णयाबद्दल असेल तर अविचारी किंवा अविवेकी. अविचारी म्हणजे विचारच केला नाही, अविवेकी म्हणजे केला पण सारासार बघितलं नाही. अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या उपचारपद्धतीला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, त्यात अविवेकी हे समजुतीला म्हणतात, माणसाला नाही, आणि मला हे फार योग्य वाटतं. रिक्षावाल्यानं स्वारगेटहून दुप्पट भाडं मागितलं तर ते मात्र अवाजवी, तिथे इरॅशनल नको.

गणितातल्या इरॅशनल नंबरचं वेगळंच आहे. लॅटिनमधल्या ‘रेशिओ’ला हिशोब, गुणोत्तर आणि तर्क असे सगळे अर्थ आहेत म्हणून इंग्रजीत एकच शब्द दोन्हीकडे चालतो, आपण मात्र ‘मा’ म्हणजे मोजणे ह्या धातूवरून अपरिमेय असा स्वतंत्र शब्द केला, बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात तोच आहे. त्यामुळे ‘अतार्किक संख्या’ असं भाषांतर कोणी केलं तर ते साफ चूक. दोनचं वर्गमूळ दोन पूर्णांकांच्या गुणोत्तरात बसत नाही एवढंच. पाय (π) ह्या संख्येचंही तसंच, शाळेत आपण 22/7 घेतो पण ती स्वतः परिमेय संख्या आहे, 3 च्या पुढे दशांशात 142857 हेच आकडे पुन्हापुन्हा येत राहतात, खरा पाय 3.14159 वरून पुढे जातो आणि आकड्यांचा तसा फेरा त्यात कधीच येत नाही.