सीपीएसएसची (एअरफोर्सच्या पायलट निवडीच्या टेस्टची) तयारी कशी करू? पंधरा हजारांचा क्लास लावू का?

तू विचारलंयस की एनडीएची (बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायच्या परीक्षेची) रिटन निघालीय, एअरफोर्स पहिली चॉइस आहे, एएफएसबी म्हणजे एअरफोर्सचं निवड बोर्ड मैसूरला आलंय, आणि सांगलीत एकजण सीपीएसएसची 'गॅरंटीड तयारी' करून देतो म्हणून पंधरा हजार मागतोय, तर लावू का. नको लावू भावा. आधीच सांगून टाकतो, मी स्वतः ही टेस्ट नापास झालेला माणूस आहे. त्यामुळं पास कसं व्हायचं याची गॅरंटी माझ्याकडं पण नाही, पण नापास कसं होतात ते मात्र पक्कं माहितीय.

मी एनडीएतनं नाही, डिग्रीनंतर एएफकॅट या एअरफोर्सच्या परीक्षेतनं गेलेलो. मैसूरलाच. एसएसबीचं, म्हणजे त्या बोर्डाच्या टेस्ट-मुलाखतींचं सगळं उरकलं, शेवटची कॉन्फरन्स झाली, रेकमेंड म्हणजे निवड झालेल्यांत माझा चेस्ट नंबर (छातीवरचा नंबर) ऐकला तेव्हा घरी फोन लावून आईला रडवलं वगैरे, आणि मग आम्हाला फ्लाइंगवाल्यांना, म्हणजे पायलट व्हायचंय त्यांना, मागं थांबवलं सीपीएसएससाठी. ही टेस्ट आयुष्यात एकदाच देता येते. म्हणजे एनडीएच्या वेळी यात फेल झालास तर पुढं एएफकॅट, सीडीएस (डिग्रीनंतरची सैन्याची परीक्षा) कुठूनही जा, पायलट म्हणून परत बसवत नाहीत. याआधीची जी टेस्ट होती त्या पीएबीटीत फेल झालेल्यांना पण तोच नियम. बाकी आर्मी, नेव्ही, एअरफोर्सची ग्राउंड ड्युटी ही दारं उघडी राहतात, ते लक्षात ठेव, कारण तिथं बसल्यावर डोक्यात फक्त 'एकदाच, एकदाच' एवढंच वाजत असतं.

यूट्यूबवर लाइट आणि लिव्हरवाली जुनी मशिनं दिसतील ती पीएबीटीची, ती आता गेली. आता कॉम्प्युटरवर होतं सगळं. आत नेमकं काय काय विचारलं ते मी लिहिणार नाही, ते बरोबर पण नाही आणि पाठ करून उपयोग पण नाही. ढोबळ सांगायचं तर दोन भाग समज, एक विमानातली मीटरं वाचणं आणि दुसरा हात, पाय, डोळे, कान एकदम चालवणं.

मीटरांचं मात्र घरी बसून होतं, फुकटात होतं. अल्टिमीटर म्हणजे उंची दाखवणारं मीटर, घड्याळासारखा असतो पण आकडे 0 ते 9, लहान काटा हजार फूट, मोठा काटा शंभर. लहान 4 आणि 5 च्या बरोबर मधे आणि मोठा 5 वर म्हणजे 4500. घाईत पोरं उलटं वाचतात. एअरस्पीड म्हणजे विमानाचा वेग नॉट्स या एककात, व्हर्टिकल स्पीडचा काटा शून्याच्या वर असेल तर विमान चढतंय, खाली असेल तर उतरतंय. सगळ्यात जास्त गोंधळ आर्टिफिशियल होरायझनचा, म्हणजे विमान कसं कललंय ते दाखवणाऱ्या मीटरचा. त्यात विमानाचं चिन्ह जागेवरच असतं, क्षितिजाची रेघ हलते. विमान डावीकडं कललं की रेघेचं डावं टोक वर गेलेलं दिसतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं उजवीकडं कललंय. याला पाठांतर नको, स्वतः विमानात बसलोय आणि डावा पंख जमिनीकडं गेलाय असं डोळ्यासमोर आण, मग जमीन डाव्या बाजूला वर आलेली दिसणारच की.

कंपाससाठी मी एक खूळ करायचो, ते तू पण कर. एसटीत बसलो की गाडी कुठल्या डिग्रीवर चाललीय ते मनात म्हणायचं. सांगलीतनं मिरजेला म्हणजे साधारण पूर्व, 090 च्या आसपास, तासगावला जवळजवळ सरळ उत्तर म्हणजे 360, आणि रस्त्यानं वळण घेतलं की लगेच नवीन आकडा. महिनाभरात सवय होते, मग 225 म्हटलं की नैऋत्य असा विचारच करावा लागत नाही.

आता हाताचं. इथं माझा घात झाला. स्टिक मागं ओढली की नाक वर, डावा पेडल दाबला की नाक डावीकडं, हे कळायला पाच मिनिटं लागतात. अवघड आहे ते जास्तीचं न करणं. आमचं वाळवा तालुक्यात शेत आहे, ऊसाच्या सीझनला चुलत्यांनी मला ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स घ्यायला शिकवलेली. ज्यानं केलंय त्याला माहितीय, ट्रॉली डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग आधी उजवीकडं, आणि जरा जास्त फिरवलं की ट्रॉली दुमडून तिरकी उभी राहते, मग सगळं पुढं घेऊन पहिल्यापासून. चुलते बांधावरनं ओरडायचे, "आरं थोडं दे आन थांब की, तिला येऊ दे!" हेच सगळं आहे बघ त्या टेस्टमधे. थोडं द्यायचं, काय होतंय बघायचं, मग परत थोडं.

आणि एवढं माहिती असून मी काय केलं? एका टप्प्यात माझं निसटलं, ते परत आणायला जोरात ओढलं, ते पलीकडं गेलं, परत जोरात अलीकडं, आणि त्या नादात जे दुसरं लक्ष ठेवायचं होतं ते सुटलं. तिथंपर्यंत पण ठीक होतं. खरी चूक पुढची, त्यानंतरची पाच-सात मिनिटं मी त्या एका चुकीचाच विचार करत बसलो, पुढचा भाग सुरू झाला तरी डोकं मागंच. माझ्या शेजारच्याचं पण सुटलं होतं म्हणे, तो बाहेर येऊन हसत सांगत होता, आणि तो पास झाला.

त्यामुळं हाताची तयारी करायचीच असेल तर फ्लाइटगिअर नावाचं सिम्युलेटर फुकट मिळतं, जुना जॉयस्टिक कुणाकडं मिळाला तर बघ, पण हात बसवायला नाही, चूक झाल्यावर पुढच्या सेकंदाला परत कामाला लागायची सवय करायला. मागं रेडिओवर बातम्या लाव आणि त्यात 'सरकार' शब्द आला की टेबलावर टकटक कर, असले खेळ. घरचे येडा म्हणतील, म्हणू दे. टेस्टआधी ब्रीफिंग देतात ते मात्र कान देऊन ऐक, शंका असेल तर विचार, आमच्यातला एकजण लाजून गप्प बसला आणि चुकीचंच करत राहिला.

पंधरा हजार देण्याआधी दोन रुपयांची टेप घेऊन भिंतीला टेकून बस. फ्लाइंगला बसल्यावरची उंची 81.5 ते 96 सेंटिमीटर लागते, पायाची लांबी 99 ते 120, मांडी जास्तीत जास्त 64. मांडी लांब असली तर इजेक्ट होताना गुडघे पुढच्या पॅनलला घासायची भीती, म्हणून ते माप. उंची किमान 162.5. एनडीएच्या वयाला वाढीची थोडी सूट असते उंचीत. डोळे आणि कलर व्हिजन इथंच चांगल्या डॉक्टरकडं बघून घे, मैसूरला जाऊन कळण्यापेक्षा बरं.

बाकी एसएसबीकडं दुर्लक्ष करू नको, सीपीएसएसच्या नादात स्क्रीनिंगलाच पहिल्या दिवशी घरी येणारी पोरं पण बघितलीत. मिरजेतनं राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं बेंगळुरू गाठ आणि तिथनं मैसूर, रिपोर्टिंगच्या आदल्या दिवशीच पोच, खालचा बर्थ घे आणि झोप. मी जाताना रात्रभर जागा राहून मोबाईलवर मीटरांचे फोटो बघत गेलेलो.