विकण्याआधी विमान रंगवावं का?

या महिन्यात खासगी विमानांच्या रंगकामाबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. बहुतेक अमेरिकेतल्या मराठी वैमानिक-मालकांचे आहेत, एक पुण्याचा आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९७८ चं सेस्ना १७२ हे छोटं विमान आहे. इंजिन उत्तम आहे, पण रंग पांढुरका पडलाय, हात फिरवला की बोटांना पूड लागते आणि पंखांच्या पुढच्या कडेचे टवके उडालेत. विकायला काढण्याआधी नवा रंग दिला तर भाव चांगला येईल, असं सगळे सांगतात. खर्च भरून निघेल का? – वाचक, डॅलस

उत्तर : पूर्ण निघणार नाही. जुना रंग उतरवून नवा द्यायचा तर १७२ ला आज साधारण २०,००० डॉलर लागतात, चांगल्या दुकानात त्याहून अधिक. किंमत ठरवणारे जाणकार रंगाला दहापैकी गुण देतात. पाचाचे नऊ झाले की किंमत वाढते, पण तुम्ही घातलेल्या पैशांइतकी नाही. शिवाय विक्रीच्या तोंडावर दिलेला रंग पाहून जाणता गिऱ्हाईक आधी विचारतो की खाली काय झाकलंय. तुमच्या विमानाबाबत ही शंका रास्त आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बनलेल्या अनेक सेस्नांत पॉलियुरेथेन रंगाखाली दोऱ्यासारखं पसरणारं कोरोजन (पत्रा खाणारा गंज) सापडतं. रिव्हेटच्या डोक्यापासून किंवा पत्र्याच्या कडेपासून बारीक वळवळत्या रेषा निघतात आणि त्यांवरचा रंग फुगतो. तिरप्या उजेडात टॉर्च धरून पाहा. अशा रेषा दिसल्या तर रंगवणं हा दुरुस्तीचाच भाग झाला, तिथे भावाचा हिशेब मागे ठेवावा.

रेषा नसतील तर आमचा सल्ला स्पष्ट आहे: फक्त विकण्यासाठी रंगवू नका. पूड म्हणजे वरचा थर हवेने आणि उन्हाने खराब झालाय, तो घासून काढता येतो. विमान नीट धुवा, स्टॅटिक पोर्ट आणि पिटो नळी (उंची आणि वेग मोजण्यासाठी बाहेरची हवा घेणारी तोंडं) झाका, सौम्य कंपाउंड हाताने किंवा कमी वेगाच्या बफरने फिरवा. रिव्हेटची डोकी आणि पत्र्याच्या कडा इथे रंग पातळ असतो, त्यामुळे तिथे बफर थांबवू नका. टवके उडालेल्या जागी कडा ३२० नंबरच्या सँडपेपरने उतरत्या करा, इपॉक्सी प्रायमर (रंगाखालचं अस्तर) द्या आणि मगच जुळता रंग मारा. फिकट पट्टे काढून नवे व्हिनाइल लावा, खिडक्यांचं अ‍ॅक्रिलिक पॉलिश करा. गिऱ्हाईक पहिल्यांदा फोटो बघतो आणि फोटोत एवढ्यानेही मोठा फरक दिसतो.

उघडा पत्रा जागोजागी दिसत असेल, दुरुस्त्यांमुळे तीन-चार छटा झाल्या असतील किंवा अजून तीन-चार वर्षं तुम्हीच उडवणार असाल, तर मात्र पूर्ण रंगकाम करून घ्यावं.

प्रश्न : एक दुकान निम्म्या पैशांत काम करून देतंय. जुना रंग काढायचा नाही, घासून त्यावरच नवा मारायचा. दिसायला सारखंच दिसेल, असं म्हणतात. – वाचक, न्यू जर्सी

उत्तर : पहिलं वर्षभर सारखंच दिसेल. जुना थर पत्र्याला घट्ट धरून असेल आणि एकच असेल, तर हा मार्ग चुकीचाही नाही. पण जुन्या विमानावर बहुधा दोन थर आधीच असतात आणि नवा रंग खालच्या सगळ्यात कमकुवत थराइतकाच टिकतो. वजनही वाढतं. ७० चौरस मीटर पृष्ठभाग आणि ७५ मायक्रॉनचा थर धरला तर सुक्या रंगाचं वजन सुमारे ७ किलो होतं. प्रत्येक न काढलेल्या थरामागे तुम्ही जवळजवळ १० लिटर पेट्रोलाइतकं ओझं कायमचं वाहता.

नीट केलेल्या कामाचा क्रम सांगतो, म्हणजे दुकानदाराला काय विचारायचं ते कळेल. एलेरॉन, फ्लॅप, एलेव्हेटर आणि रडर ही पंखांची आणि शेपटीची हलती नियंत्रण-पृष्ठं उतरवून वेगळे रंगवायचे. खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या टेपने दुहेरी झाकायच्या, कारण स्ट्रिपरच्या (जुना रंग उतरवणाऱ्या रसायनाच्या) नुसत्या वाफेनेही अ‍ॅक्रिलिकला बारीक तडे जातात. पंखांची टोकं, चाकांची आवरणं असे फायबरग्लासचे भाग स्ट्रिपरपासून दूर ठेवून हातानेच घासायचे. पूर्वी मिथिलीन क्लोराइडचा स्ट्रिपर सर्रास चाले. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याची ग्राहकांना होणारी विक्री थांबली आणि २०२४ च्या नियमाने बहुतेक व्यावसायिक वापरावरही बंदी आणली. आता बेन्झिल अल्कोहोलवर आधारलेले स्ट्रिपर येतात. ते हळू काम करतात, म्हणून मजुरीचे तास वाढतात.

रंग फुगला की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. त्यानंतरची धुणी सगळ्यात महत्त्वाची आहे. पत्र्यांच्या जोडात राहिलेला स्ट्रिपर काही महिन्यांनी बाहेर झिरपतो आणि नवा रंग जोडाच्या रेषेवरच उचलला जातो. ओळीने फुगलेला रंग दिसला की बहुधा धुण्यात घाई झालेली असते. मग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पॅडने घासायचं. लोखंडी ब्रश किंवा स्टील वूल अजिबात नको. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि तिथूनच पत्रा खाल्ला जातो. जोरात घासणंही नको. वरचा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा पातळ पत्र्यावर प्रत्येक बाजूला जाडीच्या फक्त ५ टक्के असतो, तो गेला की आतला मिश्रधातू उघडा पडतो.

यानंतर फॉस्फोरिक आम्लाच्या क्लीनरने धुवायचं आणि पाणी ओतून पाहायचं. पाण्याचा पडदा सलग राहिला तर पत्रा स्वच्छ आहे, थेंब तुटले तर तेलकट अंश उरलाय. मग क्रोमेट कन्व्हर्जन कोटिंग, म्हणजे गंज रोखणारा आणि प्रायमर धरून ठेवणारा रासायनिक थर. पत्र्याला फिकट सोनेरी झाक येते. हे द्रावण पत्र्यावर वाळू द्यायचं नाही. धुऊन सुकवल्यावर शक्य तर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, १५ ते २५ मायक्रॉन. कंपनीने दिलेल्या मुदतीत वरचा पॉलियुरेथेन, ५० ते ७५ मायक्रॉन. मुदत टळली तर प्रायमर पुन्हा घासल्याशिवाय रंग धरत नाही.

आणि एक अट करारात लिहून घ्या : पत्रा उघडा असताना, प्रायमरच्या आधी, फोटो. एक्झॉस्टच्या मागचं पोट, बॅटरीची जागा, पंखाचं मूळ, फ्लॅपच्या बिजागऱ्या आणि शेपटीच्या आडव्या पंखाची खालची बाजू, एवढे तरी हवेतच. पुढे विकताना भाव या फोटोंना मिळतो. गिऱ्हाइकाच्या मनातल्या “खाली काय आहे” या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.

प्रश्न : मी स्वतः रंगवलं तर कायद्याने चालेल का? – वाचक, फिनिक्स

उत्तर : अमेरिकेत खासगी वापराच्या विमानाचा वैमानिक-मालक सजावटीचा रंग स्वतः देऊ शकतो. एफएए या अमेरिकी विमानवाहतूक नियामकाच्या नियमांतल्या भाग ४३ मधल्या परिशिष्ट ‘ए’ने त्याला प्रतिबंधक देखभालीत धरलंय. अटी दोन : मुख्य सांगाडा किंवा यंत्रणा खोलावी लागता कामा नये आणि समतोल साधलेली नियंत्रण-पृष्ठं त्यात येत नाहीत. कारण समजून घ्या. एलेरॉनचा बहुतेक पृष्ठभाग बिजागरीच्या मागे असतो, त्यामुळे रंगाचं वजनही मागेच साठतं. समतोल मर्यादेबाहेर गेला की वेगात ते पृष्ठ फडफडू लागतं, आणि ही फडफड काही क्षणांत पंख मोडू शकते. रंग वाळल्यावर मेकॅनिकने ते पृष्ठ बारीक धारेच्या आधारावर तोलून मोजायचं, मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडायचं आणि आकडे लॉगबुकात लिहायचे. व्ही आकाराच्या शेपटीच्या बोनान्झा विमानाचे मालक विशेष जपा. तिथे मर्यादा कडक आहेत, पत्रा मॅग्नेशियमचा आहे आणि नवा पत्रा दुर्मिळ आहे.

पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो. कोळशाच्या मास्कवर विसंबू नका, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारं उपकरणच लागतं. ते नसेल तर फवारणी दुकानावर सोडा.

प्रश्न : नोंदणी क्रमांक सध्या लहान अक्षरांत आहे. तसाच ठेवता येईल? – वाचक, डॅलस

उत्तर : सर्वसाधारण नियम १२ इंच उंचीचा आहे. जुन्या विमानांना दिलेली लहान अक्षरांची सवलत पुन्हा रंगवेपर्यंतच असते. पण किमान ३० वर्षांपूर्वी बनलेल्या लहान विमानाला २ इंची अक्षरं चालतात. तुमचं १९७८ चं विमान त्यात बसतं. अमेरिकेबाहेर किंवा हवाई संरक्षण ओळख-क्षेत्रात जायचं झाल्यास तात्पुरती १२ इंची अक्षरं लावावी लागतात. म्हणून आम्ही १२ इंचीच सुचवू.

प्रश्न : कंपोझिट (धागे आणि रेझिनच्या) बांधणीचं विमान गडद निळं करून घेतलं तर उठून दिसेल ना? – वाचक, सिएटल

उत्तर : दिसेल, पण रंग निवडण्याआधी उत्पादकाचं मॅन्युअल उघडा. गडद रंग उन्हात खूप तापतो आणि ठरावीक तापमानापुढे रेझिन मऊ पडून ताकद गमावतं. अशा विमानांचा वरचा भाग पांढरा असतो तो याचसाठी. परवानगी असलेल्या छटा आणि जागा मॅन्युअलमध्ये दिलेल्या असतात. इथे रासायनिक स्ट्रिपर वर्ज्य, घासणंच. अँटेना आणि रडारच्या आवरणावर धातूचे कण असलेला रंग कधीच नको.

प्रश्न : अमेरिकेतून वापरलेलं १७२ आणून इथे भारतात नोंदवायचंय. रंगकाम तिथेच करून घ्यावं की इथे आल्यावर? – वाचक, पुणे

उत्तर : विमान कंटेनरमधून येणार असेल तर पंख उतरवावे लागतात. जोडणी करताना पंखाच्या मुळाशी आणि स्क्रूंभोवती रंग दुखावतोच. मूळ थर, म्हणजे स्ट्रिपिंग, कन्व्हर्जन कोटिंग, प्रायमर आणि पांढरा रंग, तिथेच करून घ्या. पट्टे आणि ‘व्हीटी’चा (भारतीय नोंदणीचा) क्रमांक इथे जोडणीनंतर. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पंखाखाली अक्षरं किमान ५० सेंटिमीटर आणि धडावर किमान ३० सेंटिमीटर हवीत. रचनेचा नकाशा रंगाऱ्याकडे देण्याआधी डीजीसीए या भारतीय विमानवाहतूक नियामकाच्या सध्याच्या नियमांशी ताडून घ्या. विमान जुहूसारख्या समुद्राकाठच्या तळावर राहणार असेल तर प्रायमरमध्ये काटकसर करू नका आणि गोड्या पाण्याने नियमित धुवा.

प्रश्न : रंगकाम झाल्यावर ताब्यात घेताना काय तपासावं? – वाचक, न्यू जर्सी

उत्तर : स्टॅटिक पोर्टवरची टेप निघाली आहे का आणि भोकात रंग नाही ना, हे सर्वात आधी. पोर्ट बुजला तर उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसतात. मग पंखांच्या आणि पोटाच्या निचऱ्याची भोकं, इंधनाच्या टाकीचा व्हेंट, डाव्या पंखातलं स्टॉलच्या (पंखांची उचल संपत आल्याच्या) इशाऱ्याच्या भोंग्याचं तोंड. टाकीच्या झाकणापाशी इंधनाचा प्रकार आणि क्षमता सांगणाऱ्या पट्ट्या परत लागल्या आहेत का? निर्मात्याची ओळखपट्टी रंगाखाली गेली नाही ना? सगळी नियंत्रणं शेवटपर्यंत आणि योग्य दिशेला हलतात का? धुण्याने बिजागऱ्यांतलं वंगण जातं, ते नव्याने भरलंय का? नवं वजन आणि समतोलाची नोंद कागदावर मागा.

घरी नेल्यावर पहिले ३० दिवस मेण किंवा पॉलिश नको, फक्त थंड पाणी आणि सौम्य साबण. नव्या रंगावर टेप चिकटवू नका, आणि पावसातून उडणं टाळा. पंखांच्या पुढच्या कडेचा कच्चा रंग थेंबांच्या माऱ्याने उडतो.