४० अंशांचा फिरता तारानकाशा साताऱ्यात का जुळत नाही?

तुमची अडचण थोडक्यात अशी: मागवलेल्या फिरत्या तारानकाशावर (खाली ताऱ्यांची चकती, वर त्या वेळचं आकाश दाखवणारी खिडकी कापलेलं झाकण) '४०° उत्तर' छापलेलं आहे. जानेवारीच्या मध्याला रात्री साडेआठला, साताऱ्यात, गच्चीवर, तारीख आणि वेळ जुळवून पाहिलं तर पूर्व-पश्चिम उलटी वाटते. दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे झुकलेला एक ठळक तारा नकाशावर सापडतच नाही. सप्तर्षी नकाशात ईशान्येला वर आलेले आहेत, पण आकाशात त्यांचा पत्ता नाही.

यातली पहिली गोष्ट चूक नाही. बाकी दोन चुका नकाशाच्या अक्षांशाच्या आहेत. आणि तुमच्या लक्षात न आलेली एक चौथी चूक घड्याळाची आहे.

पूर्व-पश्चिमेचं आधी. रस्त्याचा नकाशा आपण खाली बघून वाचतो, तारानकाशा वर बघून. म्हणून तो कठड्यावर आडवा ठेवून वाचायचाच नाही. दक्षिणेकडे तोंड करा, खिडकीची 'दक्षिण' लिहिलेली कड खाली येईल असा नकाशा धरा आणि डोळ्यांसमोर उचला. आता पूर्व डाव्या हाताला, आकाशातही डाव्या हाताला. उत्तरेकडे वळलात की नकाशाही फिरवून 'उत्तर' खाली आणायची. ज्या दिशेला तोंड, ती कड खाली. एवढं सांभाळलं की झालं.

आता घड्याळ. तारानकाशावरची वेळ ही स्थानिक वेळ असते, आणि आपलं घड्याळ ८२.५° पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. दर अंशाला ४ मिनिटं. सातारा साधारण ७४° वर, म्हणजे फरक ३४ मिनिटांचा. मुंबईत ३९, पुण्यात ३५, नागपुरात १४. ही मिनिटं घड्याळातून वजा करून मग चकती लावायची. साताऱ्यात साडेआठ वाजले असतील तर नकाशावर ७:५६. नाही केलं तर सगळं आकाश साडेआठ अंशांनी पुढे सरकलेलं दिसतं. साडेआठ अंश म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा जरा कमी. एखादा तारा ओळखताना शेजारच्यावर बोट ठेवायला एवढं पुरतं. तारखेत एखाद्या दिवसाची चूक झाली तर फक्त ४ मिनिटांचा फरक, त्यामुळे मध्यरात्रीनंतर आजची तारीख घ्यायची की कालची, याचा घोळ घालू नका.

चकती कोणत्या बाजूला फिरवायची हे विसरायला होतं. सोपी परीक्षा: वेळ पुढे नेताना पूर्वेच्या कडेतून तारे खिडकीत आत यायला हवेत. पूर्वेला मावळायला लागले तर उलटं फिरवताय.

खरा मुद्दा अक्षांशाचा. खिडकीची कड म्हणजे क्षितिज, आणि ती एका अक्षांशासाठीच कापलेली असते. ४०° वर ध्रुव तारा क्षितिजापासून ४० अंश वर असतो, साताऱ्यात सुमारे १८, म्हणजे हात लांब करून वीत ताणली तर वीतभरही नाही. म्हणून तुमच्या नकाशात उत्तरेचं आकाश जास्त आणि दक्षिणेचं कमी आहे. त्या अक्षांशावर सप्तर्षी जवळजवळ मावळतच नाहीत. आपल्याकडे रोज मावळतात. जानेवारीच्या मध्याला साडेआठला त्यांचे पहिले दोन तारे जेमतेम चार-सहा अंश वर आलेले असतात आणि क्षितिजावरच्या धुळीत हरवतात. सापडत नसलेला तो ठळक तारा म्हणजे अगस्त्य. ४०° वरून तो कधीच उगवत नाही, म्हणून खिडकीत नाही. साताऱ्यात तो जास्तीत जास्त १९-२० अंश चढतो. १५ फेब्रुवारीच्या आसपास सव्वानऊला बरोबर दक्षिणेला असतो.

नकाशावर अक्षांश छापलेला नसेल तर पट्टीने काढता येतो. चकती जिच्याभोवती फिरते ती मधली खीळ, म्हणजे रिव्हेट, हा ध्रुव. रिव्हेटपासून खगोलीय विषुववृत्तापर्यंतचं (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरचं आकाशातलं वर्तुळ) अंतर मोजा, मग रिव्हेटपासून खिडकीच्या उत्तर कडेपर्यंतचं. दुसऱ्याला पहिल्याने भागून ९० ने गुणा. ५४ मिमी आणि ११ मिमी आले तर १८°, आपल्या कामाचा. ५४ आणि २४ आले तर ४०°. दुकानात हातात घेऊन करता येणारी ही तपासणी आहे. ऑनलाइन फोटोतही रिव्हेट उत्तर कडेच्या अगदी जवळ आहे का एवढं दिसतंच.

हाच नकाशा फेकायचा का? नाही. खिडकी मोठी कापून मात्र उपयोग होत नाही, कारण खालच्या चकतीवर तेवढे दक्षिणेचे तारे बहुधा छापलेलेच नसतात. मधला पट्टा वापरा: मृग, रोहिणी, कृत्तिका, पुनर्वसू, मघा, स्वाती, श्रवण. त्यांची एकमेकांतली जागा कुठूनही तीच. मृगाच्या पट्ट्याचे तीन तारे तर विषुववृत्तालगत असल्याने सगळ्या अक्षांशांवर जवळपास एकाच स्थानिक वेळेला उगवतात. व्याध मात्र साताऱ्यात या नकाशापेक्षा ३५-३६ मिनिटं आधी उगवेल. न्यू जर्सीत कोणी नातेवाईक असतील तर नकाशा त्यांना द्या. तिथे तो चपखल बसतो आणि रेखांशाची दुरुस्तीही जवळजवळ शून्य. फक्त उन्हाळी घड्याळ चालू असताना एक तास वजा करायचा.

नवा घेताना १५° ते २०° चा घ्या, आणि शक्यतो दुहेरी. कारण असं: ध्रुव मध्यभागी ठेवून सपाट कागदावर आकाश उलगडलं की दक्षिणेकडे जावं तसं ते आडवं ताणलं जातं. विषुववृत्तावर दीडपट, वृश्चिकाच्या नांगीपाशी तिप्पट, त्रिशंकूपाशी पाचपट. त्रिशंकूचा चार ताऱ्यांचा आटोपशीर क्रॉस नकाशावर आडवा फाकलेला दिसतो, आणि १५ मेच्या सुमारास रात्री साडेनऊला दक्षिणेला समोर उभा असूनही लोक ओळखत नाहीत. दुहेरी नकाशाच्या मागच्या बाजूला दक्षिण ध्रुव मध्यभागी असतो, तिथे आकार खरे राहतात. त्या बाजूला चकती उलट दिशेने फिरते, ती बिघडलेली नाही.

आपल्या अक्षांशाच्या खिडकीचा आकारही विचित्र असतो. पूर्व आणि पश्चिम हे बिंदू रिव्हेटच्या पातळीत, म्हणजे पार वरच्या टोकाला येतात. खाली दक्षिणेचा मोठा फुगा. डोक्यावरचा बिंदू उत्तर-दक्षिण रेषेच्या बरोबर मध्यावर धरायचा. स्वाती आपल्याकडे माथ्यावरून एखाददुसऱ्या अंशाच्या फरकाने जाते, तिच्यावरून नकाशा तपासता येतो.

स्वतः करायचा असेल तर १८° ची खिडकी अशी: कार्डशीटवर मध्यबिंदूतून १५-१५ अंशांच्या रेषा काढा. दक्षिणेपासून सुरुवात करून एकेका रेषेवर ही अंतरं मिमीमध्ये ठेवा: ९७, ९७, ९६, ९३, ८८, ७७, ५४ (हा पूर्वबिंदू), ३१, २०, १५, १२, ११, ११. दुसऱ्या बाजूला तेच. हे प्रमाण अंशाला ०.६ मिमीचं आहे, तेव्हा ताऱ्यांची चकतीही त्याच प्रमाणात हवी. मध्यभागी टिचबटण चालतं, पण भोक मिलिमीटरभर जरी सरकलं तरी चकती घासते आणि ध्रुव डगमगतो.

प्रत्यक्ष ओळखताना बहुतेकांचा घात आकारामुळे होतो. नकाशावर सेंटिमीटरभर असलेला मृग आकाशात जवळजवळ वीतभर असतो. माणसं छोटासा मृग शोधत बसतात. १५ फेब्रुवारीला साडेआठला बाहेर पडा. मृग दक्षिणेकडे, बराच उंच, अगदी मध्यावर असेल. पट्ट्याची रेषा डावीकडे खाली नेली की व्याध, उजवीकडे वर नेली की रोहिणी, पुढे कृत्तिका. शहरात नकाशावरचे निम्मे ठिपके दिसणार नाहीत, म्हणून आधी फक्त सर्वांत मोठे ठिपके जुळवा.

क्रांतिवृत्तालगत, म्हणजे आकाशातल्या सूर्याच्या वार्षिक मार्गालगत, नकाशात नसलेला तेजस्वी 'तारा' दिसला तर तो ग्रह. कोणता, ते पंचांगात बघा: आपल्या पंचांगातल्या राशी निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधारे मोजलेल्या, असल्याने त्या आकाशातल्या राशींशी बऱ्यापैकी जुळतात. दिनदर्शिकेत आजचं नक्षत्र लिहिलेलं असतं, चंद्र त्याच्याच आसपास सापडतो. नक्षत्रं पाठ करायला याहून स्वस्त शिकवणी नाही.

टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लावा. अंधाराला डोळे सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि मोबाईलचा पांढरा पडदा ती एका झटक्यात वाया घालवतो. पुठ्ठ्याचा नकाशा थंडीत दवाने फुगतो आणि चकती अडकते, तेव्हा प्लास्टिकचा मिळाला तर चार पैसे जास्त द्या.