बोटीतल्या संडासाच्या टाकीचा वास जात नाही, पंपही जड झालाय. काय करावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नर्मदेच्या फुगवट्यावर, म्हणजे सरदार सरोवर धरणामागे तुंबलेल्या पाण्यावर, धडगावच्या बाजूने पाड्यांपर्यंत जाणारी बारा माणसांची बोट, मागच्या कोपऱ्यात हातपंपाचं कमोड, फळीखाली ६० लिटरची टाकी. बसवून दोन महिने झाले आणि आता मागच्या बाकावर कुणी बसायला तयार नाही. एक जण सांगतो टाकीत ॲसिड ओता, दुसरा सांगतो खालचा व्हॉल्व्ह उघडून नदीत सोडून द्या, समुद्रात तसंच करतात.

यातलं काहीही करू नका. आधी टाकीची हवेची नळी बघा, म्हणजे टाकीतून बोटीच्या कडेला बाहेर निघणारी नळी.

मी शहाद्याचा. मुंबईत अकरा वर्षं छोट्या लाँच आणि यॉटवर पाइप-पंपांचं काम केलं. आता गावाकडे आहे आणि तापी-नर्मदेवरच्या बोटींचं जमेल तेवढं काम करतो. इतक्या वर्षांत वासाच्या जेवढ्या तक्रारी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक हवेच्या नळीपाशी नाहीतर पाइपापाशी सुटल्या. औषधाने सुटलेली मला आठवत नाही.

टाकीतला मैला दोन तऱ्हेचे जिवाणू कुजवतात. हवा मिळाली तर हवेवर जगणारे काम करतात. त्यांच्या कामातून निघणाऱ्या वायूला फारसा वास नसतो. हवा कोंडली की ते मरतात आणि दुसरे वाढतात, ज्यांना हवा नकोच असते. त्यांच्यामुळे हायड्रोजन सल्फाइड होतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. फळीखाली बंद जागेत टाकी तापते आणि हे सगळं झपाट्याने होतं. टाकीला श्वास मिळाला पाहिजे, बाकीचं नंतर.

मागच्या उन्हाळ्यात सारंगखेड्याकडे एका बोटीवर गेलो होतो. मालक लांबूनच म्हणाला, ‘भाऊ, भलता वास येस.’ औषधाच्या दोन बाटल्या ओतून झाल्या होत्या. मी बोटीच्या कडेला हवेच्या नळीच्या तोंडात करंगळी घातली तर आत टणक लागलं. स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं तर सुकलेल्या मातीचे खडे पडायला लागले आणि एका खड्यात पांढरट अळी होती. कुंभारीण माशीने आत घर केलं होतं! भिंतीच्या भोकात, कुलपात, न वापरलेल्या नळाच्या तोंडात ती घर करते, तसंच इथे. माती काढली, उलट बाजूने पाणी मारून नळी धुतली, टाकी उपसून दोन पाण्यांनी खंगाळली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला की वास गेला.

तुमच्या बोटीची नळी बहुतेक बारीकच असणार. आतून १९ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बदला, २५ मिलिमीटरची घातली तर उत्तम. शक्य असेल तर दोन नळ्या काढा, एक डाव्या अंगाला, एक उजव्या, म्हणजे वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघेल. नळीला मध्ये झोळ नको. झोळात पाणी साचतं आणि बूच बसल्यासारखं होतं. तोंडाला स्टीलची जाळी लावा, पण फार बारीक नको, आणि ती महिन्यातून एकदा काढून ब्रशने घासा. टाकी कधी काठोकाठ भरली असेल तर मैला या नळीत चढून सुकलेला असतो. म्हणून दर वेळी टाकी रिकामी केली की या नळीतून उलटं पाणी मारायची सवय ठेवा.

हेही ऐका. ही नळी बंद असताना टाकी पंपाने उपसली तर आत हवा शिरत नाही आणि प्लास्टिकची टाकी चेपते. मुंबईत माझ्या हातून हे झालंय. उपसणं चालू होतं, कड् असा आवाज आला आणि टाकीची शिवण उकलली. मी नळी तपासली नव्हती. तेव्हापासून उपसणं सुरू केलं की लगेच नळीच्या तोंडाला हात लावून बघतो, आत ओढ लागते की नाही.

आता पाइप. कमोडपासून टाकीपर्यंत तुम्ही कुठला पाइप घातलाय? मला शंका आहे की तो शेतातल्या मोटारीचा हिरवा सक्शन पाइप असेल, कारण आपल्याकडे दुकानात तोच पटकन मिळतो. विहिरीच्या पाण्याला तो चांगला, मैल्याला नाही. त्याच्या भिंतीतून वास हळूहळू झिरपतो. कुठे गळत नाही, ओलं दिसत नाही, तरी वास येत राहतो. तपासायला फडकं गरम पाण्यात भिजवून पिळा, पाइपाला गुंडाळून गार होऊ द्या, मग बोटीपासून दूर नेऊन हुंगा. फडक्याला वास लागला असेल तर पाइप गेला. मैल्यासाठी जाड रबरी पाइप वेगळा येतो, महाग असतो. स्वस्त आणि टिकाऊ म्हणजे कडक पीव्हीसी. जळगाव हे तर पीव्हीसी पाइपांचं गाव, मिळायला अडचण नाही. सरळ भाग कडक पीव्हीसीचा ठेवा आणि इंजिनाच्या कंपनाने सांधे निखळू नयेत म्हणून दोन्ही टोकांना वीतभर रबरी तुकडा द्या. प्रत्येक सांध्याला स्टीलच्या दोन-दोन क्लिपा. वळणं आणि खोलगट जागा जितक्या कमी तितकं बरं, कारण खोलगट जागेत मैला पडून राहतो. प्रत्येक वापरानंतर दहा-पंधरा वेळा पंप मारायचा तो याचसाठी, भांडं स्वच्छ दिसलं म्हणून थांबायचं नाही.

पंप जड होण्याची कारणं दोन. आतलं रबर कोरडं पडलं असेल तर उघडून सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस, डिझेल, रॉकेल काही नको, रबर फुगतं. दुसरं म्हणजे लघवीचा खडा. लघवी आणि पाण्यातला चुना मिळून पाइपात आतून पांढरा थर धरतो, भोक आकसतं. त्यावर लिंबूसत्त्व पुरेसं आहे. लिटरभर कोमट पाण्यात तीन-चार चमचे विरघळवून हळूहळू पंप करा, रात्रभर पाइपात राहू द्या आणि सकाळी भरपूर पाण्याने काढा. पंधरा दिवसांतून एकदा केलंत तर थर धरणारच नाही.

पंपाच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी रबराचं एक छोटं झडप असतं, पोपटाच्या चोचीसारखी फट असलेलं. दुकानदार त्याला जोकर व्हॉल्व्ह म्हणतात. वापरल्यानंतर थोड्या वेळाने भांड्यात गढूळ पाणी परत येत असेल तर ते झिजलंय किंवा त्यात काहीतरी अडकलंय. वर्ष-दोन वर्षांत ते बदलायचंच, दोन जादा बोटीवर ठेवा. अडकतं काय? गुटख्याची पुडी, पॅड, ओला टिश्यू. कमोडजवळ झाकणाचा डबा आणि शेजारी कागदी पिशव्या ठेवा. आशाताई, सिस्टर, शिक्षिका तुमच्या बोटीतून तासन्‌तास प्रवास करतात. संडास नसला की बायका पाणीच पीत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही संडास बसवलात हे फार चांगलं केलंत, तो बंद पडू देऊ नका.

ॲसिडचं आता सांगतो. टाकीत ॲसिड किंवा ब्लीचिंग ओतलं की मैला कुजवणारे चांगले जिवाणू मरतात, रबरं खराब होतात आणि वास थोड्याच दिवसांत परत येतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू निघतो आणि बोटीच्या कोंदट कोपऱ्यात तो जिवावर बेततो.

आणि नदीत सोडणं. समुद्राचा जो नियम तुम्हाला कुणी सांगितला तो मोठ्या जहाजांचा आहे. मार्पोल, म्हणजे जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या पलीकडेच सोडता येतो, तोही जहाज किमान ४ नॉट (ताशी ४ सागरी मैल) वेगाने चालत असताना. तुमच्या बोटीतून दोन्ही काठ डोळ्यांना दिसतात आणि त्या काठावरच्या बाया त्याच पाण्याचे हंडे भरतात. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यानेही नदीत घाण सोडायला मनाई आहे. तो खालचा व्हॉल्व्ह बंद करून दांडी तारेने बांधून टाका. भांड्यात पाणी घेणारा नळही वापर झाला की बंद करा. कमोड पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळ्यांना पातळीच्या वर चढवलेलं वळण आणि त्यावर हवेचं झडप हवंच. नाहीतर एका रात्रीत पाणी आपोआप ओढलं जाऊन उभी बोट बुडू शकते.

राहिला रिकामी करण्याचा प्रश्न, आणि खरं अवघड हेच आहे. तुमचा हिशेब बघा. आपल्याकडे कागद नाही, पाणी वापरतात. एका वेळेला पंपाचं तीन लिटर आणि धुण्याचं एक लिटर धरलं तर ६० लिटरची टाकी पंधरा वापरांत भरते. पाऊण भरली की थांबायचं म्हटलं तर अकराच. म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी ४५ किलोचा मैला काठावर न्यायचा, आणि व्हॅक्युम टँकर काही त्या घाटातून खाली धक्क्यापर्यंत येत नाही. मला विचाराल तर ही टाकी काढा आणि दोन भागांचं सुटं कमोड घ्या. त्याच्या खालच्या डब्यात साधारण वीस लिटर मावतं, झाकण घट्ट लागतं आणि दोन माणसं तो आरामात उचलतात. दोन डबे घेतले की एक बोटीवर, एक काठावर. धुण्यासाठी अर्ध्या लिटरचा मग ठेवा, मोठा नको.

डबा रिकामा करायला काठावर दोन खड्ड्यांचा संडास बांधा. एक भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. फक्त जागा नीट निवडा. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं बघून तिथे खड्डा खणलात तर भादव्यात तो पाण्याखाली जाईल आणि सगळा मैला नदीतच येईल. त्या रेषेच्या चांगलाच वर, झरे-विहिरीपासून लांब खणा. फॉर्मलिनची (जंतू मारणारी) औषधं डब्यात टाकू नका, त्यांनी खड्ड्यातलं कुजणं थांबतं.

टाकी काढताना किंवा धुताना आत डोकं घालू नका, पोराला उतरवायचं तर नावच नको. त्या वायूने थोड्या वेळात नाक बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं की आता काही नाही. तिथेच माणसं जातात. हाताने मैला उपसायला लावणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, ते वेगळंच. झाकण उघडून तासभर वाऱ्यावर ठेवा, बाहेरूनच पाणी मारा, हातमोजे घाला, नंतर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा.

उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत, आधी हवेच्या नळीचं तोंड बघा आणि पाइपाला ते गरम फडकं गुंडाळा. पाइपाचा आणि नळीच्या तोंडाचा फोटो इथेच टाका, मी बघून सांगतो.